पदराआडची खोली

पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणायचे आणि त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत बायकांच्या बाजूने तो आवाज उठायचा. खळ घातलेल्या सुती लुगड्यांचे पदर एकाच वेळी डोक्यावर ओढून घेतल्याचा आवाज. कोरडा, किंचित खरखरीत, आणि तरीही इतका मऊ की पुरुषांच्या बाजूला तो पोचत असेल की नाही, कोण जाणे. मागोमाग बांगड्यांची हलकी किणकिण, कुणाचा तरी दाबलेला खोकला, आणि मग सगळं निवांत. प्रार्थना म्हटलं की मला अजून शब्द आधी आठवत नाहीत. नगरच्या चर्चमधली ती सतरंजी आठवते, आणि तो आवाज.

आजी लुगड्याला तांदळाच्या पेजेची खळ घालायची. शनिवारी संध्याकाळी घडी करून उशाखाली ठेवायची आणि रविवारी सकाळी ती घडी मोडली की पेजेचा आणि उन्हाचा मिळून एक वास खोलीभर सुटायचा. चर्चमध्ये मी तिला रेलून बसायची. तिने पदर ओढला की मीही डोकं आत घालायची. बाहेरचा खिडकीतला उजेड त्या पांढऱ्या सुतातून गाळून येई आणि तिच्या गालावरच्या सुरकुत्यांवर दुधाळ होऊन सांडे. इतक्या जवळून पाहिल्यावर कापड कापड राहत नसे. उभे धागे, आडवे धागे, मध्येच विणकराच्या हातून राहून गेलेली एखादी गाठ, काठापाशी तिने स्वतः घातलेला रफू, एवढंच जग. डाव्या हाताच्या दोन बोटांत तिने पदराचं टोक हनुवटीखाली धरलेलं असे. ओठ हलत. काय म्हणते ते ऐकू येत नसे, आणि ऐकावंसं वाटतही नसे.

आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात आजी-आजोबा, काका-काकू, आम्ही भावंडं, आणि शिकायला आलेलं गावाकडचं कुणी ना कुणी. दार म्हणून जे होतं ते दिवसभर सताड उघडं. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जावं आणि दार लावून घ्यावं, असं येशूने शिष्यांना सांगितलं. आजीला कुठली आली खोली? पण पहाटे चुलीपुढे बसून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला की ती खोलीत गेलेली असे, दार लागलेलं असे. चहाचं आधण उकळून जाई, धाकटा रडत असे, तरी आम्ही हाक मारत नसू. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पत्र तिला पाठ होतं, प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावं हा त्यातला भाग तर फारच. ती तो आज्ञा म्हणून पाळायची, यात शंका नाही. पण त्या आज्ञेच्या आत तिने स्वतःसाठी जी जागा करून घेतली होती, ती पौलाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

कपाळ मात्र तिचं उघडं. बाप्तिस्म्याबरोबर तिच्या सासूने कुंकू सोडलं, ते घरात परत आलं नाही. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती, मधोमध गव्हाच्या दाण्याएवढा सोन्याचा क्रूस. पण लोक आधी कपाळ पाहतात. बाजारात एखादी अनोळखी बाई ते मोकळं कपाळ बघून एकदम हळू आवाजात बोलू लागे, आणि आजोबा तर शेजारीच भाजीची पिशवी धरून उभे असत. आजी पोत पदराबाहेर काढी, इतकंच. पुढे एक मावशी पुण्याला वेगळ्या मंडळीत गेली आणि तिने तीही पोत उतरवली. सोनं, मोती, केसांच्या वेण्या यांनी नव्हे, तर सत्कर्मांनी स्त्रीने सजावं, हे तीमथ्याला लिहिलेलं तिने शब्दशः घेतलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. दोघींचा विश्वास खरा होता. त्या दिवसाचा विचार आला की मला दोघींचीही बाजू घ्यावीशी वाटते.

आणि मग केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात, वाँटिजला बाप्तिस्मा घेतला, पण अंगावरची साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात बसून त्यांनी मूळ ग्रीक-हिब्रूवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. १९२४ साली ते पूर्ण छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात. मी कितीदा मनाशी ते चित्र रंगवते: पांढरी साडी, आखूड केस, आणि समोर पौलाचा तोच अध्याय. मस्तक झाकायचं नसेल तर केसही कापून टाकावेत, आणि मुंडण ही तर स्त्रीला लाज, असं तो म्हणतो. ज्या बाईने केशवपन झालेल्या किती विधवांना आपल्या छपराखाली घेतलं, तिचा टाक त्या ओळीवर थांबला असेल का? त्या मुलींनी डोक्यावरून लाल आलवण ओढलं होतं ते तोंड लपवायला. इथे त्याच डोक्यांवरून त्या पदर घेत, देवाशी बोलायला. हात तोच, कापड ओढण्याची रीत तीच. त्या दोन ओढण्यांमधलं अंतर ज्यांनी कापलं त्या बायकांपुढे माझं मस्तक आपोआप लवतं.

गोव्यात इन्क्विझिशनने १७३६ साली हुकूम काढून ख्रिस्ती झालेल्यांना चोळी आणि धोतर मना केलं. हुकमाने उतरवलेल्या वस्त्राचं दुःख मला कळतं, आणि हुकमाने चढवलेल्या वस्त्राचंही. म्हणून कुणी चर्चच्या दाराशी उभं राहून पोरींच्या ओढण्या तपासू लागलं की माझा जीव कासावीस होतो. आजीला कुणी तपासलं नव्हतं.

आता सिंथेटिक साड्या आल्या. त्या डोक्यावर ठरत नाहीत, घसरतात. त्यांचा आवाजही होत नाही. माझी भाची बाकावर माझ्या शेजारी बसते, डोकं उघडं, डोळे घट्ट मिटलेले, ओठ आजीसारखेच हलणारे. मी तिला टोकत नाही. एकदा तिनेच विचारलं, "आत्या, तू घरी एकटी असतानासुद्धा पदर घेतेस?" घेते, म्हटलं. रात्री, दिवा मालवल्यावरसुद्धा. का, ते तिने विचारलं नाही. पुढच्या रविवारी मात्र माझ्या कपाटातून आजीचं एक लुगडं मागून घेऊन गेली, खळ कशी घालतात तेही विचारून.