फाइव्ह स्टार आणि पाल

एसीच्या लेबलवर वर्षाचा वीजवापर छापलेला असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो तो काढतं वर्षाला १६०० तास वापर धरून. नगरमध्ये (नाव अहिल्यानगर झालं, जिभेवर अजून नगरच) एवढे तास एसी लावतो कोण? इथला उन्हाळा कडक पण कोरडा. दिवसा कूलर पुरतो, कारण कोरड्या हवेत तो खरोखर गार करतो. एसी रात्री सात तास, अडीच महिने. म्हणजे सव्वापाचशे तास. थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये लेबलवर दोनशे युनिटांचा फरक असला, तर इथे पदरात पडतात जेमतेम सहासष्ट. युनिटला बारा रुपये धरले तरी वर्षाचे सुमारे आठशे.

हे गणित प्रस्तुत लेखकाला सुचलं ते एका पालीमुळे.

सावेडीतल्या त्याच्या घरात खाली आईच्या खोलीत खिडकीतला जुना, धडधडणारा एसी. वर फाइव्ह स्टार इन्व्हर्टर. ऐन मे महिन्यात वरचा बंद पडला. मेकॅनिकने गच्चीवर आउटडोअर उघडला, तर सर्किट बोर्डाला चिकटून मेलेली पाल. "बोर्ड गेला, काका. पुण्याहून मागवावा लागेल, आठवडा धरा." बोर्डाचं बिल त्या आठशेच्या कित्येक पट. त्याच उन्हाळ्यात खालचाही अडला होता; पण गेला होता नुसता कपॅसिटर, आणि तो मेकॅनिकच्या पिशवीतच होता. अर्ध्या तासात खोली गार.

जुना कंप्रेसर एकाच वेगाने फिरतो: पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. इन्व्हर्टर गरजेप्रमाणे वेग बदलतो, म्हणून वीज वाचते. पण वेग सांभाळायला बोर्ड लागतो, आणि ऊन, धूळ, मुंग्या, विजेचे झटके सगळे त्याच्याच मुळावर येतात.

म्हणून इन्व्हर्टर वाईट म्हणायचं कारण नाही. तो हळूहळू वेग घेतो. सुरू होताना दिवे मंदावत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत कूलर कुचकामी, एसी महिनोन्‌महिने चालतो. तिथे स्टारचे पैसे वसूल होतात. नगरच्या दुकानातही गिऱ्हाईक मोजतं मात्र स्टारच. कंप्रेसरची दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत, बोर्डाची बारीक.

तिसऱ्या खोलीसाठी लेखकाने थ्री स्टार इन्व्हर्टर घेतला, बोर्डाची पाच वर्षांची हमी बघून. वाचलेल्या पैशांत स्टॅबिलायझर आला आणि आउटडोअर पश्चिमेऐवजी उत्तरेच्या भिंतीवर लागला. वायरींची भोकं मेकॅनिकने सिलिकॉनने बुजवून दिली.