यंदा वकीलताईंचं काम करतोय, त्याबद्दल

उन्हाळ कांदा पन्नास दिवसांचा झालाय, फुलकिडे दिसायला लागलेत, त्याची नोंद उद्या फोटोसकट टाकतो. आज दुसरं. आठवडाभर जो भेटतो तो विचारतोय, "दादा, तुम्ही त्या वकीलताईंच्या गाडीत कसे?" आपल्या गटातून त्या जिल्हा परिषदेला उभ्या आहेत. एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

मागं कांदा पडला होता तेव्हा तालुक्यात मंत्र्यांचा दौरा लागला. आदल्या रात्री नऊच्या सुमारास जमादार घरी आले. माणूस साधा, चहा घेतला, म्हणाले, "वरून आलंय दादा, सही तेवढी करा." कागदावर असं की, कायदा-सुव्यवस्था बिघडली तर जबाबदार तुम्ही. ही नोटीस पूर्वी सीआरपीसीच्या 149 खाली यायची, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168 लावतात. गावात सात जणांना आली. सकाळी त्यातल्या दोघा पोरांना गाडीत घालून नेलंच. दोघंही ताईंच्या विरोधी पक्षाचे, गेल्या वेळी त्यांच्याविरुद्ध बोंबलत फिरलेले.

ताई ठाण्यात जाऊन बसल्या. आवाज चढवला नाही. हे कलम दखलपात्र गुन्हा रोखायला आहे, तर भाव मागणं हा कोणता दखलपात्र गुन्हा, तेवढं लेखी द्या, म्हणाल्या. आणि स्टेशन डायरीत नोंद कुठं आहे ती दाखवा. लेखी काही मिळालं नाही, पण पोरं दुपारी घरी जेवायला होती. शांततेनं, हत्याराशिवाय जमायचा हक्क घटनेच्या कलम 19 मध्ये लिहिलाय. अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, हे कलम 22 मध्ये. आपण हे शाळेत पाठ केलं आणि विसरलो. त्या विसरल्या नाहीत, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपल्याकडं रस्ता रुंद करायला जेसीबी आधी येतो, कागद नंतर, कधी कधी येतच नाही. जमिनीचा हक्क आधी मूलभूत हक्क होता, 1978 च्या 44 व्या दुरुस्तीनं तो काढला आणि 300-अ कलमात ठेवला. म्हणजे कायद्यानं घेता येते, पण कायद्याशिवाय घेता येत नाही. हिमाचलच्या विद्या देवी नावाच्या निरक्षर म्हातारीची जमीन 1967-68 मध्ये रस्त्याला गेली, संपादन नाही, पैसे नाहीत. सरकार कोर्टात म्हणालं, इतकी वर्षं जमीन आमच्या ताब्यात आहे म्हणजे आता आमचीच. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2020 मध्ये ते फेटाळलं आणि भरपाई द्यायला लावली. पुढं मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात कोर्टानं 300-अ मध्ये काय काय येतं ते सात मुद्द्यांत मांडलं: आधी नोटीस, मग म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला आणि सगळं वेळेत पुरं करणं. ताई प्रत्येक गावात हेच सांगतात. पहिल्या नोटिशीला हरकत लेखी द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा. बांधाला बांध असलेल्या दोघांनी तसं केलं, त्यांची मोजणी पुन्हा झाली.

सगळंच पटतं असंही नाही. नवव्या परिशिष्टावरून आमचं गाडीतच वाजतं. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीनं ते आणलं, त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या नावानं कोर्टात आव्हान देता येत नव्हतं. आपला 1961 चा सीलिंगचा कायदा त्यात आहे, आवश्यक वस्तू कायदाही 1976 मध्ये तिथं गेला. 2007 च्या कोएल्हो निकालानं 24 एप्रिल 1973 नंतर घातलेल्या कायद्यांपुरतं दार थोडं उघडलं. माझं म्हणणं, शेतकऱ्याला कोर्टाचं दार बंद करणारं हे परिशिष्टच नको. त्या म्हणतात, सीलिंग नसतं तर कित्येक भूमिहीनांना गुंठाभरही मिळाला नसता. मी ऐकतो, मानत नाही. त्यांनी मला गाडीतून उतरवलेलं नाही.

आता खरी अडचण. शेजारच्या गावात एका घरातल्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. भावकीनं ते घर टाकलं. गिरणीत दळण नाही, विहिरीवरची पाण्याची पाळी बंद, कांदा काढायला आला तर एक मजूर येईना. माल रानात सडायला लागला. ताईंनी 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तक्रार दाखल केली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती भावकी माझीही आहे. निवडणूक तोंडावर असताना त्यांनी हे केलं, आणि त्या गावची मतं गेली हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या घरीही त्यावरून आठ दिवस कुणी धड बोलत नव्हतं. थोरले काका म्हणाले, "आपल्याच माणसांवर केस घालणारीला मत मागत फिरतोस?" काकांना उलट बोलायची आपली रीत नाही. त्यांना एवढंच म्हणलं, "काका, उद्या आपला कांदा रानात असा पडला तर?"

चुलतभावाचा सवाल वेगळा. "संविधानानं कांद्याला भाव मिळतो का रे?" नाही मिळत. ऑक्टोबर 2020 मध्ये घाऊक व्यापाऱ्याला 25 टनांची साठा मर्यादा लावली, नाशकात लिलाव बंद पडले, ते झेडपीतून कुणी थांबवू शकलं नसतं. पण त्याविरुद्ध रस्त्यावर बसायचं तर बसता तरी आलं पाहिजे, आणि बसलेल्याला उचललं तर विचारायला कुणी गेलं पाहिजे. ते काम गटातल्या सदस्याला करता येतं. आजवर कुणी केलं नव्हतं.

ताई निवडून येतील का? भावकीची गणितं बघता अवघड आहे.

नोटिशीच्या उत्तराचा आणि मोजणीच्या हरकतीचा नमुना ताईंनी दिलाय, दोन्ही एकेका पानाचे आहेत. पक्ष कुठलाही असो, हवा असेल त्यानं मागावा. मतदानाच्या आठवड्यात आपल्या फीडरला लाइट रात्रीची आहे, तेव्हा पाणी भरून सकाळी झोपण्याआधीच केंद्रावर जाऊन या.