शंकासुराचे पान

मारिया सिबिला मेरिअन (१६४७–१७१७) ही जर्मन चित्रकर्ती १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीसह सुरिनाम या डच वसाहतीत गेली. अळी, पतंग आणि त्यांना पोसणारी वनस्पती यांना तिने एकाच पानावर आणले. त्या चित्रांवरून ताम्रपटांवर कोरलेल्या ६० मुद्राचित्रांचा ग्रंथ १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाला. बहुतेक पट इतरांनी कोरले होते.

पंचेचाळिसाव्या चित्रात मराठीत शंकासुर म्हणतात ते झाड फुलले आहे. सोबतच्या मजकुरात मेरिअन लिहिते, की आपली मुले गुलामीत जन्मू नयेत म्हणून गुलाम स्त्रिया याच्या बिया गर्भपातासाठी वापरतात. हे त्यांनी स्वतःच तिला सांगितले. चित्रात याची खूण नाही. तेथे जीवनचक्र अखंड आहे. शेजारी ते जाणीवपूर्वक तोडणाऱ्यांची साक्ष आहे. चित्र सुटे करून भिंतीवर लावले, की ही साक्ष गळून पडते आणि उरते ते केवळ सौंदर्य.

साक्ष नोंदवणारीही निर्लेप नव्हती. तिच्या दिमतीला गुलाम होते. मेरिअनचे नाव आज कलेच्या इतिहासात प्रतिष्ठित आहे; त्या स्त्रियांची नावे मात्र तिच्या पानावरही नाहीत. स्त्रीवादी वाचनाला केवळ चित्रकर्तीच्या पुनःस्थापनेवर म्हणूनच थांबता येत नाही.