मधलं नाव नसलेले खातेदार

एका पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर न्यायचं काम माझ्याकडे होतं. चाचणीच्या प्रतीवर यादी काढली तर काही खातेदारांची नावंच गायब. खाते क्रमांक आहे, शिल्लक आहे, नावाच्या जागी कोरं. मूळ टेबलात मात्र नाव होतं, बहुतेकांचं आडनावही होतं. मधला कॉलम तेवढा रिकामा.

पूर्ण नाव तीन तुकडे दोन उभ्या रेघांनी जोडून तयार व्हायचं. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार त्यातला एक तुकडा जरी नल, म्हणजे मूल्यच नसलेला, असला, तरी सगळी जोडणी नल. पोस्टग्रेस हे तंतोतंत पाळतं. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच मानतं, म्हणून जोडताना नल आला तरी बाकीचं नाव शाबूत राहतं. ओरॅकल बाजारात आलं १९७९ साली आणि एसक्यूएलचं पहिलं अमेरिकी प्रमाण ठरलं १९८६ मध्ये. तोवर लोकांचे प्रोग्रॅम या सवयीवर उभे राहिले असणार. हे वर्तन पुढे बदलू शकेल, अशी सूचना ओरॅकलच्या पुस्तिकेत कितीतरी वर्षं आहे. बदललेलं मात्र काही नाही.

पोस्टग्रेस तरी एकवचनी आहे का? त्यातलंच कॉनकॅट हे फंक्शन नल खुशाल वगळून जोडतं. एक नल दुसऱ्या नलच्या बरोबर आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘अज्ञात’. ग्रुप बाय केलं की तेच सगळे नल एका गटात. एकही खातं नसलेल्या नव्या शाखेत खाती मोजली तर शून्य येतं, ठेवींची बेरीज मात्र नल. हे प्रमाणातच आहे! प्रत्येक ठिकाणी त्या त्या वेळची सोय बघितलेली दिसते, आणि एकेक सोय मला पटतेही. सगळ्या एकत्र ठेवल्या की डोकं उठतं.

जोडणी दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. खरी अडचण काउंटरवरच्या काकांनी सांगितली. “मॅडम, बचत गटाच्या खात्याला मधलं नाव असेल कसं? काही बायकांनी नवऱ्याचं नाव लावायचं नाही म्हणून सांगितलं. आणि काहींचं केवायसीच्या वेळी घेऊ म्हणून राहूनच गेलं.”

नाहीच, नको आणि राहिलं, तिन्ही जुन्या डेटाबेसमध्ये एकसारखेच नल. नव्यात रिकामी स्ट्रिंग वेगळी ठेवायची सोय होती, पण कुणाला काय द्यायचं ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. शेवटी कारणाचा वेगळा कॉलम केला. बचत गट खात्याच्या प्रकारावरून निघाले. बाकीच्यांचे कागदी फॉर्म काकांनी कपाटातून काढले, तर पहिल्याच गठ्ठ्यात मधल्या नावापुढे एकाने नुसती आडवी रेघ मारलेली. काका म्हणाले, “नको.” मी म्हटलं, “राहिलं.” मग खातेदारालाच फोन लावला.