सुरगाठ

आमच्या मलकापूरच्या बाजारात आता नायलॉनच्या रंगीत दोऱ्या लोंबत असतात. पूर्वी अंबाडीच्या वाखाची दावी आणि कासरे मिळत. दोरी कशाचीही असो, गोठ्यात जनावर बांधणाऱ्या पोराला म्हातारी माणसे बजावीत, "सुरगाठ मार रं, निरगाठ नको." रात्री गोठ्याला आग लागली, तर एका हिसक्यात बैल मोकळा झाला पाहिजे!

दोरीच्या मल्लखांबात तर गाठच नसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. दोरीच्या मल्लखांबाला पूर्वी वेत असे, पुढे सुती दोर आला. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत तो दोर धरून मुलगी सरसर वर चढते, कमरेला, मांडीला वेढे घेते आणि खुशाल हात सोडून आसन करते. ती स्वतःच बांधून घेते आणि स्वतःच सुटते.

दुसऱ्याला बांधायचे म्हटले, की मात्र जोखीम आली. जपानात सामुराईंच्या काळी कैद्यांना जखडण्याचे एक शास्त्रच होते, होजोजुत्सु नावाचे. विसाव्या शतकात त्याच्या वळणावरून प्रौढ स्त्रीपुरुषांची एक कला निघाली, 'किनबाकु'. इतो सेइउ (१८८२–१९६१) हा चित्रकार तिचा जनक समजला जातो. दिवाळीच्या फराळाबरोबर हा कसला विषय, असे कोणी विचारील. पण या कलेचे वर्ग आज अनेक देशांत चालतात, आणि तिथली शिकवण ऐकण्यासारखी आहे. ज्याला बांधायचे त्याची संमती आधी घ्यावी. तो 'पुरे' म्हणताच थांबावे. दंडातली नस दबू देऊ नये, बोटांना मुंग्या येतात का ते विचारीत राहावे. कात्री हाताशी ठेवावी. बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटे टाकू नये.

हे वाचले आणि मला आमच्याच वर्गातली एक मुलगी आठवली. दहावीत होती, सोळाही पुरी नव्हती. तिचे चुलते मला म्हणाले, "गुरुजी, एकदा पोरगी उजवली की आम्ही सुटलो."

"तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं?"

मी त्यांना २००६ चा बालविवाहबंदीचा कायदा सांगितला, अठरा वर्षांची अट सांगितली. ते मान हलवून ऐकत राहिले. कायद्याची भीती त्यांना वाटली असेल, पण पटले नव्हते. पटले ते तिच्या आईला. तिने चुलीपुढून न उठताच दिराला सुनावले, "भावजी, म्हशीला दावं बांधताना बी आपण गाठ बघतो. ही तर आपली लेक हाय."

लग्न तूर्त थांबले आहे. मुलगी अकरावीला जाते. अठरा पुरी झाल्यावर तिला खरोखरच विचारतील का, याची मला अजून खात्री नाही.