यंत्राचे पाठभेद

जुने इंग्रजी यंत्र खोलायला घेतले, की पहिला अडसर पान्याचा येतो. आजच्या कारखान्यांतून सर्रास वापरला जाणारा दहा, बारा, चौदा मिलिमीटरचा पाना तेथे बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. आणि जोर केला की नटाचे कोपरे गोल होऊन जातात. व्हिटवर्थ पद्धतीचे पाने निराळे. त्यांतल्या एखाद्यावर पाव इंच असे कोरलेले असते, पण त्याचे तोंड मोजले तर ते अर्ध्या इंचाहून मोठे भरते. कारण तो आकडा हाताला लागणाऱ्या नटाचा नसून नटाच्या पोटात दडलेल्या बोल्टाच्या जाडीचा असतो. जोसेफ व्हिटवर्थ याने 1841 मध्ये आट्यांचे हे प्रमाण सुचवले, तेव्हा त्याने आट्याचा कोन 55 अंशांचा धरला. पुढे सायकलींसाठी 60 अंशांचे, बहुतेक ठिकाणी इंचाला सव्वीस पडणारे बारीक आटे आले आणि सायकलीच्या घराण्यातूनच जन्मलेल्या मोटारसायकलीने तेही उचलले. एका गाडीत अशा दोन-तीन पद्धती एकत्र नांदतात. भारताने 1956 च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, पण गाडीच्या अंगातले इंच कायद्याने थोडेच जाणार होते.

यशवंतपूरच्या कृषी बाजार-आवारामागे, कांदा-बटाट्याच्या मालमोटारींची वर्दळ जिथे थोडी विरळ होते तिथे, एका पत्र्याच्या शेडमध्ये असे पाने खिळ्यांवर ओळीने टांगलेले आहेत. ते ज्यांचे आहेत ते गृहस्थ मूळचे बेळगावचे. जलहळ्ळीच्या हिंदुस्थान मशीन टूल्स या कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेले. कारखान्यातली पाळी संपली की तरुणपणी ते शिवाजीनगरच्या गुजरीत एका उस्तादांच्या हाताखाली जाऊन बसत. तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव सुटे होत आणि त्यांतून दुसऱ्या गाड्या उभ्या राहत. मापाची शिस्त त्यांना कारखान्याने दिली आणि मापात न बसणाऱ्या वस्तूला बसवण्याची युक्ती उस्तादांनी. या दोन शिक्षणांचे परस्परांशी फारसे पटत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या शेडमध्ये आलेल्या बी.एस.ए. एम-20 या गाडीने ती जुनी तेढ पुन्हा उकरून काढली.

बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 मध्ये बंदुका घडवणाऱ्यांनी स्थापन केलेली, बोधचिन्हात तीन बंदुका मिरवणारी कंपनी. व्हॅल पेज यांच्या आराखड्यावर बेतलेली एम-20 ही 1937 साली बाजारात आली: 82 मिलिमीटर व्यासाचा आणि 94 मिलिमीटर धावेचा एकच सिलिंडर, 496 घनसेंटिमीटर, ताकद जेमतेम तेरा अश्वशक्ती. तिला देखणे कोणीच म्हटले नसते. पण हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर ती चाले आणि उघड्यावर, रस्त्याकडेला दुरुस्त होई. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी ती सव्वा लाखाहून अधिक संख्येने बनवली गेली. 19 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बवर्षावात तिच्या स्मॉल हीथ येथील कारखान्यात 53 कामगार मेले. त्यानंतरही ती बनतच राहिली. युद्ध सरले आणि हिंदुस्थानात उरलेल्या गाड्या सैन्याने विकून टाकल्या. इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या पाहिलेल्या जलहळ्ळी-यशवंतपूरच्या बाजूला अशी गाडी सापडावी यात नवल असे काही नाही.

नव्या मालकाची मागणी एका वाक्याची होती: कंपनीतून निघाली तशी करून द्या. कंपनीचे म्हणाल तर ती 1973 मध्येच दुसऱ्या कंपनीत विरून गेली आणि स्मॉल हीथची इमारतही पुढे पाडली गेली. नाव तेवढे उरले, आणि तेही 2016 मध्ये महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजेंड्सने विकत घेतले. नॉर्टन 2020 मध्ये टी.व्ही.एस.कडे आली, तिचे नवे मालक बंगळूरपासून तासाभरावर होसूरला गाड्या बनवतात. ट्रायम्फच्या लहान गाड्या 2023 पासून पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात. ज्या गाड्यांवरून गोरा शिपाई इथल्या छावण्यांतून फिरला, त्यांतल्या काहींच्या नावांची मालकी आता मुंबई-चेन्नईकडे आहे. इतिहासाचा हा उलटा फेरा मौजेचा खरा, पण शेडमध्ये त्याने एकही नट सुटत नाही.

नट सोडवण्याचे काम भाचा करतो. पेट्रोलची टाकी उतरली, कार्बुरेटर सुटला. तो मूळचा अमाल नव्हता, बुलेटवर येणारा मिककार्ब होता आणि त्याच्या जोडासाठी कोणीतरी जाड पत्र्याची चकती कापून घातली होती. वीज पुरवणारा मॅग्डायनो नाहीसा झालेला, त्याच्या जागी बॅटरी आणि कॉइल. चेसीच्या एका भोकात मिलिमीटरचा बोल्ट इतक्या निर्दयपणे ठोकलेला, की इंचाचे आटे त्याने पार चिरडून टाकले होते. एम-20 चे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कुशीत असतात. त्यामुळे वरचे झाकण उचलले, की पिस्टन आणि शेजारचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदमच आकाशाकडे पाहत उघडे पडतात. पिस्टनवर काजळीचा थर होता. तो खरवडल्यावर खाली भलत्याच कुठल्या इंजिनाचे चिन्ह निघाले.

"हे सगळं फेकायचं काय, मामा?"

"थांब की. डबा आण आधी. चिठ्ठी लिही, मग काढ."

चिठ्ठी लिहून काढणे हा त्यांचा दंडक. काढलेला प्रत्येक भाग, तो खोटा असला तरी, घासलेटात धुऊन, पुसून, कुठून निघाला ते लिहून पत्र्याच्या डब्यात जातो. या सवयीला विद्वानांच्या जगात मोठा आधार आहे, हे त्यांच्या गावीही नसेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतलेल्या आणि 1966 मध्ये पुरी झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा धांडोळा घेतला. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वात व्यासांचा लेखनिक म्हणून गणपती येण्याची सर्वांच्या तोंडची कथा मूळ संहितेतून वगळली गेली. पण ती जाळली गेली नाही, परिशिष्टात ठेवली गेली. प्रक्षेप ओळखणे आणि प्रक्षेपाचा द्वेष करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संपादकांपैकी पुष्कळांना हा भेद उमगत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांना तर तो अजिबातच रुचत नाही.

अर्थात पोथी आणि यंत्र यांत एक अंतर आहेच. पोथीतला श्लोक बाजूला काढला म्हणून पान फाटत नाही. यंत्रात कधी कधी फाटते. इंजिन चेसीतून उतरवून क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे केले, तेव्हा डाव्या अर्ध्याच्या तळाशी वितभर लांबीची वेल्डिंगची शिवण दिसली. ॲल्युमिनियमला गॅसच्या ज्योतीने जोडणे अवघड. धातू लाल न होताच अचानक ओघळून जातो. ही शिवण मात्र सरळ होती, कानशीने हळुवार घासलेली, आणि तिच्या शेवटी पंचाचे तीन ठिपके त्रिकोणात मारलेले होते. मामा उठले, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ते ठिपके उस्तादांचे. आपल्या हातचे प्रत्येक काम ते तसे खुणेने संपवीत. नाव त्यांनी कुठे लिहिले नाही. लिहिता येत होते की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

मालकाने इंग्लंडहून क्रँककेस मागवण्याची तयारी दर्शवली होती. तशा त्या मिळतात. जुन्या, पण अखंड. परंतु सैन्याच्या गाडीची डब्ल्यू.एम.20 ने सुरू होणारी संख्या याच डाव्या अर्ध्यावर उमटवलेली असते. तो अर्धा बदलला की शिवण जाईल, आणि तिच्याबरोबर नंबरही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले, नंबरपट्टीवर 'व्ही.ए.' ही अक्षरे दिली आणि अट घातली, की गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असावी, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नियम करणाऱ्यांना मूळ स्वरूप ही वस्तू सोपी वाटली असणार. इथे मात्र बर्मिंगहॅमच्या कामगाराने ठोकलेला नंबर आणि शिवाजीनगरच्या उस्तादाने मारलेले ठिपके एकाच ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर होते. एकाला ठेवून दुसऱ्याला काढणारा पाना अजून कोणी घडवलेला नाही.

मामांनी निर्णय केला तो भावनेच्या भरात केला असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. मिककार्ब त्यांनी काढला, पिस्टन काढला, चिरडलेल्या भोकात नवे बुश बसवून त्याला इंचाचे आटे पाडले. ते बुश त्यांनी शेडमधल्या हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर कातले. (बेळगावात 1888 साली सायकलीच्या दुकानापासून ज्यांनी सुरुवात केली त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याचा तो लेथ, हरिहरचा तो कारखानाही आता उरलेला नाही. यशवंतपूरपासून जवळच किर्लोस्कर इलेक्ट्रिकच्या जागेवर आज मॉल आणि उंच इमारती आहेत.) क्रँककेसच्या बाबतीत प्रश्न ममत्वाचा नव्हता, ताकदीचा होता: शिवण अजून टिकाऊ आहे का? बेरिंग काढायचे तर केस तापवावी लागते. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक फुगते, पकड सैल होते आणि बेरिंग आपल्या वजनानेच खाली पडते. पण याच तापाने जुन्या जोडातली छुपी चीर उघडण्याची भीती असते.

मालकाला त्यांनी फोनवर एवढेच सांगितले, की परीक्षेत शिवण उतरली तर ती राहील. नाही उतरली, तर इंग्लंडची केस मागवावी आणि जुनी आपल्याला द्यावी. पैशाची बोली त्यांनी केली नाही.

केस तापवली. बेरिंग पडले, त्याचा आवाज लाकडी फळीवर बोदा झाला. केस निवल्यावर शिवणीच्या आतल्या बाजूला घासलेट लावले आणि बाहेरच्या बाजूला पांढरा खडू घासला. चीर असेल तर तिच्यातून घासलेट झिरपते आणि खडूवर काळपट ओली रेघ उमटते; साधी, जुनी, खोटे न बोलणारी परीक्षा. भाचा दर अर्ध्या तासाने वाकून पाही. रात्री शेड बंद करताना मामांनी केसवर फडके टाकले नाही, दिवा मात्र चालू ठेवला.

सकाळी खडू कोरडा होता. मामांनी तो पुसला, डाव्या अर्ध्याला चिठ्ठी बांधायला सांगितली, आणि भाच्याने चिठ्ठीवर नंबर लिहून त्याच्यापुढे तीन ठिपके काढले.