गाडीचें देशांतर

आमचे चिरंजीव २०२३ सालीं लंडनहून म्युनिकला नोकरीस गेले. परंतु सूनबाई, नातू, मोटार व आम्ही महिनाभर मागेंच राहिलों. कारण जकातीचें. २०२१ पासून इंग्लंड युरोपीय संघाच्या जकातीच्या कक्षेबाहेर आहे. मालक वर्षभर संघाबाहेर राहिला असेल व गाडी सहा महिने त्याच्या वापरांत असेल, तरच ती घरसामानांत धरून जकात माफ होते. गाडी सूनबाईंच्या नांवावर, आणि झाले होते पांचच महिने! (पुढेंही वर्षभर ती विकतां अथवा उसनी देतां येत नाहीं.)

डोव्हरहून कॅले आगबोटीनें दीड तास. पण तेवढ्यांत रस्त्याची डावी बाजू जाऊन उजवी येते. वाचकांस वाटेल कीं, सुकाणूही उपटून डावीकडे बसवावें लागत असेल. तसें नाहीं. पोलंड व लिथुआनियानें घातलेली तशी अट युरोपीय न्यायालयानें २०१४ सालीं बेकायदेशीर ठरविली. खरी अडचण दिव्यांची. इंग्लंडांत झोत डावीकडे, पदपथाच्या बाजूस, उंचावलेला असतो. तोच कॅलेला उतरतांच समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. प्रवासापुरती कांचेवर पट्टी चिकटविली कीं भागतें; कायमच्या बिऱ्हाडास दिवेच बदलावे लागतात. मागचा धुक्याचा तांबडा दिवा एकच असल्यास तोही उजवीकडून डावीकडे न्यावा लागतो. आम्हांस हा नियम फार समंजस वाटला. त्यांत रक्षण आहे तें परक्याच्या डोळ्यांचें.

वेगमापकावर मैलांशेजारीं किलोमीटर होते, म्हणून तो वांचला. म्युनिकच्या परीक्षकांनीं झोत तपासला, कागद पाहिले, आणि मागची पिवळी पाटी उतरून पांढऱ्या पाटीवर शहराचें ‘एम’ हें अक्षर आलें.